फाइल आली का? कुलूपबंद सर्व्हरला विचारायची रीत

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतींत फौंड्रीचं काम ड्रॉइंगपासून सुरू होतं. ग्राहक पुण्याचा, चाकणचा, कधी परदेशातला. पूर्वी ड्रॉइंग कुरिअरनं यायचं. आता बरेच ग्राहक ते आपल्या वेब सर्व्हरवर, पासवर्डच्या आड एका फोल्डरमध्ये ठेवतात. तिथंच आठवड्याचं शेड्यूल असतं, तपासणी अहवालाचा नमुना असतो, बदललेली रिव्हिजनही तिथंच येते. मग ऑफिसमधलं कुणीतरी दिवसातून अनेकदा ब्राउझर उघडतं, पासवर्ड टाकतं आणि नवीन काही आलं का ते बघतं. बघायचं राहिलं आणि त्याच वेळात रिव्हिजन बदलली, तर जुन्या पॅटर्नवर मोल्डिंग सुरू होतं. धातू ओतल्यावर ती चूक दुरुस्त होत नाही, ती भंगारात जाते.

हे बघायचं काम संगणकावर सोपवता येतं, तेही फाइल उतरवून न घेता आणि चार-पाच ओळींत. पण त्या चार-पाच ओळी लिहिण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. ‘फाइल आहे का?’ या प्रश्नाची उत्तरं तीन आहेत: आहे, नाही आणि कळलं नाही. जवळपास सगळे गोंधळ तिसरं उत्तर दुसऱ्यात मिसळल्यानं होतात. सर्व्हर बंद होता, पासवर्ड बदलला होता, लाइन गेली होती, आणि आपल्या प्रोग्रॅमनं मात्र सांगितलं की नवीन ड्रॉइंग नाही. त्या भरवशावर सुपरवायझर हीट, म्हणजे भट्टीत धातू वितळवण्याची खेप, लावून मोकळा होतो. पुढे जे काही सांगतो आहे ते ही तीन उत्तरं वेगळी ठेवण्यासाठीच आहे.

सुरुवात परवानगीपासून करा. फोल्डर ग्राहकाचं आहे, कुलूपही त्याचं आहे. तुम्हाला दिलेलं युजरनेम माणसानं बघण्यासाठी दिलेलं असतं; तेच वापरून यंत्रानं दर पंधरा मिनिटांनी विचारायचं असेल तर त्यांच्या आयटी विभागाला एक ईमेल लिहा. शक्य असेल तर त्यासाठी वेगळं, फक्त वाचण्याचे अधिकार असलेलं खातं मागा. असं खातं मिळालं की ऑफिसातला माणूस बदलला तरी काम अडत नाही आणि कुणाचा वैयक्तिक पासवर्ड प्रोग्रॅममध्ये पडून राहत नाही. दुसऱ्याच्या सर्व्हरवर परवानगीशिवाय शिरणं हे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ खाली येतं. तेच लबाडीच्या हेतूनं केलं तर कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. फाइलींच्या नावांचे अंदाज बांधून दुसऱ्या पुरवठादाराचं फोल्डर चाचपणं हा ‘नुसतं बघितलं’ म्हणून सोडून देण्यासारखा प्रकार नव्हे.

मग कुलूप कुठल्या जातीचं आहे ते ओळखा. पत्ता उघडल्यावर कोऱ्या पानावर ब्राउझरचीच छोटी चौकट येऊन युजरनेम-पासवर्ड मागत असेल, तर बहुतेक वेळा ते ‘बेसिक ऑथेंटिकेशन’ असतं. अपाचे सर्व्हरवर फोल्डरमधल्या डॉट-एचटीअ‍ॅक्सेस नावाच्या फाइलीतून लावलेलं कुलूप याच प्रकारचं. संगणकाच्या दृष्टीनं हे सगळ्यात सोपं, कारण प्रत्येक विनंतीबरोबर नाव आणि पासवर्ड पाठवला की झालं. त्याऐवजी कंपनीचा लोगो असलेलं सजवलेलं लॉगिन पान येत असेल, तर ते कुकीवर चालणारं कुलूप आहे. तिथं आधी लॉगिन करून, मिळालेली कुकी जपून, मग विचारावं लागतं. माझं मत स्पष्ट आहे: दुसऱ्या प्रकारात लॉगिन पान प्रोग्रॅमनं भरण्याच्या खटपटीत पडू नका. पानाची रचना बदलली की सगळं कोलमडतं. यंत्रासाठी टोकन किंवा एसएफटीपीची सोय आहे का, हे ग्राहकाला विचारा. मोठ्या कंपन्यांकडे ती अनेकदा असते, आपण मागत नाही म्हणून मिळत नाही.

आता विचारायचं कसं ते बघू. ब्राउझर फाइल मागतो तेव्हा तो ‘गेट’ नावाची विनंती पाठवतो आणि सर्व्हर आख्खी फाइल देतो. फाइल फक्त आहे का एवढंच हवं असेल तर ‘हेड’ ही विनंती आहे. पार्सल न फोडता वरची चिठ्ठी वाचावी तसं ते काम. सर्व्हर गेटला जी माहिती वर लावून देतो तीच हेडला देतो, फक्त आतला माल पाठवत नाही. चाळीस एमबीचं त्रिमितीय मॉडेल असलं तरी उत्तर काही ओळींत येतं.

विनंतीबरोबर जाणारं युजरनेम आणि पासवर्ड मध्ये अपूर्णविराम (:) घालून जोडले जातात आणि ‘बेस-६४’ पद्धतीनं लिहिले जातात. दिसायला ते अगम्य दिसतं, म्हणून पुष्कळ लोक ते सुरक्षित समजतात. ते कूट नाही. कोणीही क्षणात उलटं करून मूळ पासवर्ड वाचू शकतो. म्हणून पत्ता एचटीटीपीएसनं सुरू होत असेल तरच हा मार्ग वापरा. प्रमाणपत्राची तक्रार आली म्हणून तपासणी बंद करण्याचा पर्यायही लावू नका, कारण मग पलीकडे खरोखर ग्राहकाचाच सर्व्हर आहे याची खात्री राहत नाही आणि पासवर्ड मात्र गेलेला असतो.

समजा, विनंती केली आणि असं उत्तर आलं: पहिल्या ओळीत २०० आणि ओके. खाली कंटेंट-टाइप, अ‍ॅप्लिकेशन-पीडीएफ. त्याखाली कंटेंट-लेंग्थ, ४८२१३३. आणि लास्ट-मॉडिफाइड: बुधवार, १३ ऑगस्ट २०२५, १८:५२:१० जीएमटी. या चार ओळी सावकाश वाचायला शिका.

२०० म्हणजे सर्व्हरनं त्या पत्त्यावर काहीतरी दिलं. ते ‘काहीतरी’ तुमचं ड्रॉइंगच आहे हे दुसरी ओळ सांगते. तिथं पीडीएफऐवजी टेक्स्ट-एचटीएमएल असेल तर सावध व्हा: बहुधा ते लॉगिनचं पान आहे, किंवा ‘क्षमस्व, फाइल सापडली नाही’ असं छान रंगवलेलं पान, ज्याच्यावर बनवणाऱ्यानं चुकून २०० चा शिक्का मारला आहे. तिसरी ओळ आकार सांगते, इथं साधारण ४७० केबी. शून्य असेल तर फाइल आहे आणि नाहीही; ती ‘कळलं नाही’त टाका. काही सर्व्हर हेडच्या उत्तरात आकार देतच नाहीत, तेवढ्यावरून घाबरू नका. चौथ्या ओळीतली वेळ ग्रीनिचची आहे. आपली वेळ साडेपाच तास पुढे, म्हणजे ही फाइल गुरुवार १४ ऑगस्टला मध्यरात्री बारा वाजून बावीस मिनिटांनी बदलली. ‘आज आलेली फाइल’ शोधणाऱ्या प्रोग्रॅमनं ही तारीख जशीच्या तशी वाचली तर तो तिला कालची समजून सोडून देईल. रात्रपाळीच्या कारखान्यांत हे खरोखर अडचणीचं ठरतं.

२०० सोडून येणारे आकडे आता. ४०४ म्हणजे या पत्त्यावर काही नाही, आणि ४१० म्हणजे होतं, पण काढून टाकलं. हे दोनच आकडे ‘नाही’ म्हणून मोजा, आणि तेही पासवर्ड स्वीकारला गेला आहे याची खात्री असेल तर. ४०१ चा अर्थ युजरनेम-पासवर्ड दिला नाही किंवा चुकला. ४०१ फाइलीबद्दल काहीही सांगत नाही: कुलूपबंद फोल्डरमध्ये असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही फाइलींना सर्व्हर साधारणपणे हेच उत्तर देतो, कारण तो आधी कुलूप बघतो आणि मग फाइल. ४०३ म्हणजे तुम्ही कोण ते कळलं, पण इथं जायची मुभा नाही. इथं एक मेख आहे. फाइल आहे हेसुद्धा परक्याला कळू द्यायचं नसेल तर ४०३ ऐवजी ४०४ द्यायला वेबच्या नियमांनी सर्व्हरला मोकळीक दिली आहे. तेव्हा ग्राहकानं तुमच्या खात्याचे अधिकार कमी केले तर असलेली फाइलही ‘नाही’ म्हणून दिसू शकते. यावर उपाय शेवटी सांगतो.

३०१ किंवा ३०२ आला तर सर्व्हर दुसरीकडे जायला सांगतो आहे. तो लॉगिन पानाकडे पाठवत असेल तर उत्तर ‘कळलं नाही’. म्हणून प्रोग्रॅमला आपोआप पुढे जाऊ देऊ नका. कुठं पाठवतो आहे ते आधी वाचा. ४०५ म्हणजे हा सर्व्हर हेड विनंती घेत नाही. तेव्हा गेट वापरा, पण रेंजच्या ओळीत फक्त पहिला बाइट मागा. सर्व्हरला ते जमत असेल तर २०६ येईल आणि सगळी फाइल उतरणार नाही. ४२९ म्हणजे तुम्ही फार वेळा विचारता आहात. ५०० च्या घरातले सगळे आकडे सर्व्हरच्या आजाराचे. फाइलीशी त्यांचा संबंध नाही. उत्तरच आलं नाही तर तेही ‘कळलं नाही’.

हत्यार म्हणून मी ‘कर्ल’ सुचवीन. स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांनी १९९८ मध्ये ते प्रथम प्रसिद्ध केलं, आजही ते फुकट आहे, आणि २०१८ पासून विंडोज १० मध्येच मिळतं, त्यामुळे ऑफिसातल्या साध्या संगणकावर काही बसवावं लागत नाही. फक्त पॉवरशेलच्या जुन्या आवृत्तीत नुसतं कर्ल लिहिलं तर वेगळीच आज्ञा चालते. तिथं मागे डॉट-ईएक्सई जोडा. कॅपिटल आय हा पर्याय हेड विनंती करतो. लहान डब्ल्यू हा पर्याय वापरून फक्त आकडा छापून घेता येतो, आणि मॅक्स-टाइम देऊन किती सेकंद थांबायचं ते ठरवता येतं. आकडा ००० आला तर सर्व्हरकडून उत्तरच मिळालं नाही; मग कर्लचा बाहेर पडतानाचा क्रमांक बघा. ६ म्हणजे सर्व्हरचं नाव सापडलं नाही, ७ म्हणजे जोडणी झाली नाही, २८ म्हणजे वेळ संपली, ६० म्हणजे प्रमाणपत्राची अडचण.

लहान यू हा पर्याय देऊन पासवर्ड आज्ञेतच लिहिता येतो, पण लिहू नका. तो आज्ञांच्या इतिहासात राहतो आणि चालू कामांच्या यादीत इतरांना दिसू शकतो. त्यासाठी नेटआरसी नावाची फाइल असते: लिनक्सवर तिच्या नावाआधी टिंब, विंडोजवर अधोरेषा. तिच्यात सर्व्हर, युजरनेम आणि पासवर्ड लिहायचा, लिनक्सवर तिचे अधिकार ६०० करायचे म्हणजे मालकाशिवाय कुणाला वाचता येणार नाही, आणि कर्लला लहान एन पर्याय द्यायचा.

पीएचपी किंवा पायथन शिकलेल्या मुलामुलींनी इथं जास्त लक्ष द्यावं. पीएचपीत फाइल-एक्झिस्ट्स नावाचं फंक्शन आहे आणि नावावरून हे काम त्याचंच वाटतं. ते आपल्या डिस्कवर काम करतं, एचटीटीपीच्या पत्त्यावर नाही. पत्ता दिला तर फाइल असो-नसो, ते ‘नाही’च म्हणतं. पायथनच्या ओएस-पाथ-एक्झिस्ट्सचंही तेच. चूक दाखवली असती तर बरं झालं असतं. इथं चुकीचं उत्तर मिळतं आणि ते खरं वाटतं. पीएचपीत कर्लचं एक्स्टेन्शन ‘नोबॉडी’ पर्यायासह वापरा. गेट-हेडर्स वापरायचं असेल तर त्याला कॉन्टेक्स्टमधून हेड पद्धत आणि ऑथरायझेशनची ओळ द्यावी लागते, आणि त्यासाठी पीएचपी ७.१ किंवा पुढची आवृत्ती लागते. पायथनमध्ये रिक्वेस्ट्सचं हेड फंक्शन नेमकं हेच काम करतं आणि दुसरीकडे पाठवलं तर आपणहून जात नाही, हे आपल्या सोयीचं. पण त्याला टाइमआउट आठवणीनं द्या. दिला नाही तर सर्व्हर गप्प बसल्यावर प्रोग्रॅमही गप्प बसून राहतो आणि ऑफिसात सगळे समजतात की नवीन काही नाही.

आता फाइलीचं नाव. यात माणसं सर्वात जास्त वेळ घालवतात. लिनक्स सर्व्हरला लहान आणि कॅपिटल अक्षरं वेगळी. पीडीएफ हे शेपूट एकदा लहान आणि एकदा कॅपिटल लिहिलं तर त्या दोन फाइली. नावातली मोकळी जागा पत्त्यात टक्केचिन्ह आणि २० अशी लिहावी लागते. तीच आज्ञा विंडोजच्या बॅच फाइलीत टाकली तर टक्केचिन्ह दोनदा लिहा, नाहीतर विंडोज त्यातल्या २ ला आपला दुसरा पॅरामीटर समजून गिळतो, उरलेलं नाव अर्धवट जातं आणि उत्तर येतं ४०४. आज्ञा हातानं चालवली तर चालते, बॅच फाइलीतून चालत नाही, अशी तक्रार असेल तर आधी हे बघा.

मराठी नावांची गोष्ट आणखी पुढची आहे, आणि ती आपल्याकडे कुणी नीट सांगत नाही. साखर कारखान्याच्या ऊसनोंदणीची किंवा दूध संस्थेच्या बिलांची यादी कुणी मराठी नावानं ठेवली, तर पत्त्यात प्रत्येक देवनागरी चिन्हाचे तीन बाइट आणि प्रत्येक बाइटाची तीन अक्षरं होतात. नुसत्या ‘यादी’ या नावाची छत्तीस अक्षरं. ते यंत्र करून घेतं, त्यात धोका नाही. धोका ‘शेतकऱ्यांची’ या शब्दात आहे. त्यातल्या ‘ऱ्या’मधला अर्धा र तीन प्रकारे टाइप होऊ शकतो: ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, साधा र, त्याखाली नुक्ता आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. पहिल्यात सहा बाइट, उरलेल्या दोन्हींत नऊ, आणि ते नऊही एकमेकांपेक्षा वेगळे. फाइल ठेवणाऱ्याचा कीबोर्ड एक आणि तुमचा दुसरा असेल, तर डोळ्यांना तंतोतंत जुळणाऱ्या नावावर सर्व्हर ४०४ देईल. त्यामुळे मराठी नाव पुन्हा टाइप करू नका. ब्राउझरमध्ये फाइलीवर उजवी क्लिक करून लिंकचा पत्ता उचला आणि तोच चिकटवा. फाइली तुम्हीच ठेवत असाल तर नाव रोमन अक्षरं, आकडे आणि अधोरेषा एवढ्यातच द्या, आत मराठी हवं तेवढं लिहा. मराठीवर माझं प्रेम आहे, तरी हा सल्ला मी निःसंकोच देतो.

फाइल ‘आहे’ असं कळलं तरी लगेच उचलू नका. ग्राहकाकडून ती अजून चढत असेल तर तुम्हाला अर्धीच मिळेल, आणि अर्धं ड्रॉइंग कधी कधी उघडतंही. थोड्या अंतरानं दोनदा विचारा. आकार आणि बदलाची वेळ दोन्ही खेपेला तीच असेल तर फाइल पूर्ण झाली असं धरा. ग्राहक ऐकणारा असेल तर त्याला सांगा की आधी तात्पुरत्या नावानं चढवा आणि पूर्ण झाल्यावर खरं नाव द्या. मग हा प्रश्नच उरत नाही. रिव्हिजन जुन्याच नावानं बदलली जात असेल तर मागच्या वेळचा आकार, बदलाची वेळ आणि सर्व्हर देत असेल तर ईटॅग (फाइलीच्या त्या आवृत्तीची खूण) लिहून ठेवा आणि दर वेळी ताडून पाहा. फाइल आधीही होती, आत्ताही आहे, पण ती तीच नाही, हे फक्त असंच कळतं.

किती वेळा विचारायचं? ड्रॉइंगसाठी पंधरा मिनिटांनी एकदा पुरे, शेड्यूलसाठी तासाला एकदा. ४२९ आला आणि त्यासोबत रिट्राय-आफ्टरची ओळ असेल तर तेवढा वेळ थांबा. ४०१ आला तर प्रोग्रॅम तिथंच थांबवा आणि माणसाला कळवा. चुकीचा पासवर्ड पुन्हा पुन्हा गेला तर ग्राहकाचा सर्व्हर खातं बंद करू शकतो, आणि मग ऑफिसातल्या माणसालाही आत जाता येत नाही.

कोल्हापुरात ‘कळलं नाही’ या उत्तराची खरी किंमत पावसाळ्यात कळते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं आणि शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला. अशा दिवसांत वीज आणि इंटरनेट येतं-जातं, आणि त्याच दिवसांत ग्राहक शेड्यूल बदलतो, कारण त्यालाही माल पोचणार नाही हे दिसत असतं. त्या वेळी संगणकानं ‘नवीन शेड्यूल नाही’ असं सांगणं घातक आहे. त्यानं सांगायला हवं: ‘सकाळी सव्वानऊपासून ग्राहकाच्या सर्व्हरशी संपर्क नाही, शेवटचं खात्रीचं उत्तर नऊ वाजताचं.’ शेवटच्या खात्रीच्या उत्तराची वेळ प्रत्येक संदेशात घाला. ते वाचून कारखान्यातला माणूस फोन उचलतो आणि ग्राहकाला थेट विचारतो.

राहिला मघाचा प्रश्न: ४०४ खरा की अधिकार काढून घेतल्याचा? ग्राहकाला विनंती करून त्याच फोल्डरमध्ये एक छोटी, कायम राहणारी फाइल ठेवून घ्या, एका ओळीची असली तरी चालेल. दर वेळी आधी तिच्याबद्दल विचारा. तिला २०० मिळालं तर पासवर्ड, अधिकार, लाइन आणि सर्व्हर सगळं ठीक आहे, आणि मग ड्रॉइंगच्या नावावर आलेला ४०४ म्हणजे खरोखर ‘नाही’. तीच सापडली नाही तर पुढचं काही विचारूच नका आणि ‘कळलं नाही’ असा संदेश पाठवा.

सगळं बसवल्यावर कामाला लावण्याआधी चार वेळा तपासा. नक्की असलेल्या फाइलीचं नाव द्या: ‘आहे’ यायला हवं. नक्की नसलेलं नाव द्या: ‘नाही’. मग मुद्दाम चुकीचा पासवर्ड एकदाच द्या: ‘कळलं नाही’, आणि प्रोग्रॅम थांबायला हवा. शेवटी नेटवर्कची तार काढून चालवा: पुन्हा ‘कळलं नाही’, पण या खेपेला तो न थांबता पुढच्या वेळी परत विचारणारा हवा. तार काढलेली असताना संदेश बाहेर जाणारच नाही, तेव्हा तो त्याच संगणकाच्या पडद्यावर दिसायची सोय ठेवा, आणि तो पडदा जिथं सुपरवायझर हीट लावण्याआधी उभा राहतो तिथंच असू द्या.